त्याचं रक्त कुणी तपासलं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही उपकेंद्रात गरोदर बाई नाव नोंदवायला गेली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट आणि त्याच ओळीत एचआयव्ही. सिस्टर बोटाला टोचते, थेंब घेते, वहीत नोंद करते. बाईला बहुतेकदा एवढंच कळतं, की रक्त तपासलं. तिला आणून सोडणारा नवरा बाहेर गाडीला टेकून मोबाइल बघत उभा असतो. त्याला कुणी आत बोलावत नाही, आणि बोलावलं तरी ‘मला काय झालंय?’ म्हणून तो येत नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या एचआयव्ही चाचणीविषयी लिहायचं तर सुरुवात बाहेर उभ्या असलेल्या या माणसापासून करायला हवी. चाचणी फुकट आहे, तालुक्याच्या गावी आहे, अर्ध्या तासात आटोपते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाच तर औषधंही फुकट आहेत. तरीही पुरुष तिथवर पोचतो तो बहुधा क्षयाने खंगल्यावर, नाहीतर बायकोचा रिपोर्ट आल्यावर. घरातला आजार आधी तिच्या नावावर नोंदला जातो आणि गावाच्या हिशेबात तो तिनेच आणलेला ठरतो. ज्याची चाचणी आधी झाली तो आधी बाधित, असं अजब तर्कशास्त्र आपण चालवतो.

ही रीत जुनी आहे. भारतात एचआयव्ही सापडला तोच मुळी बायकांच्या रक्तात. 1986 साली मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीला, निर्मला यांना, प्रबंधासाठी हा विषय सुचवला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. देशात एड्स नाही, तो परदेशातल्या लोकांचा रोग आहे, असा तेव्हा सगळ्यांचा समज होता. निर्मलांनी देहविक्री करणाऱ्या, सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या बायकांचं रक्त गोळा केलं, नमुने घरच्या फ्रिजमध्ये सांभाळले आणि आगगाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. भारताच्या एचआयव्हीच्या इतिहासाची पहिली ओळ ती. पण त्या बायकांना आपलं रक्त कशासाठी घेतलं हे सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे येणारे पुरुष त्या अभ्यासात नव्हतेच. सुनीतीबाईंनी पुढे आयुष्य याच कामाला वाहिलं, वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र उभं केलं, चाचणीआधी माणसाशी नीट बोललं पाहिजे हा आग्रह धरला. त्यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. पण ज्या पायावर आपण उभे आहोत तो असा आहे.

चाळीस वर्षं होत आली. आज देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि सर्वांत जास्त, चार लाखांच्या आसपास, महाराष्ट्रात आहेत. 2010 च्या तुलनेत देशातल्या नव्या लागणी चाळीस टक्क्यांहून अधिक घटल्या. हे यश मोठं आहे आणि त्यामुळेच विषय मागे पडला आहे. नव्वदीत भिंतीभिंतींवर एड्सच्या पाट्या असत, एसटीच्या मागे घोषणा असत, शाळेत निबंध असत. आता 1 डिसेंबरला, एड्स दिनी, प्रभातफेरी निघते, जिल्हा रुग्णालयात लाल फीत लावून फोटो होतो, आणि 2 डिसेंबरला सगळं शांत.

नांदेडहून लातूरला जाणारा महामार्ग विष्णुपुरीवरून निघतो. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथेच. पुढे लोहा, खंडोबाच्या यात्रेचं माळेगाव, अहमदपूर, चाकूर आणि मग लातूर. तिथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. दोन्हीकडे एआरटी केंद्रं आहेत, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळण्याची जागा. ‘त्या गोळ्या’ आणायला जाणारी माणसं याच रस्त्यावर एकमेकांना ओलांडून जातात. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लातूर जिल्ह्यातला माणूस नांदेडला किंवा सोलापूरला नाव घालतो आणि नांदेडकडचा लातूरला. दर खेपेचा तिकिटाचा खर्च आणि बुडालेला रोज, ही गुप्ततेची किंमत.

हा सगळा भाग माणसं बाहेर पाठवणारा. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर इथल्या तांड्यांतून आणि वाड्यांतून ऊसतोडीला टोळ्या जातात. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या माणसाला निजामाबाद आणि हैदराबाद जवळ, उदगीरकराला बीदर. लातूरची डाळ ट्रकांनी देशभर जाते आणि ट्रकाबरोबर चालक आणि क्लीनर जातात. पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर मराठवाडी बोली ऐकू येते. घरापासून आठ-आठ महिने लांब राहणाऱ्या तरुण माणसाच्या हातून काय घडू शकतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

पण इथे एक सांगून टाकतो. ट्रकवाले, ऊसतोडवाले, देहविक्री करणाऱ्या बायका अशी ‘जोखमीच्या गटां’ची यादी आपण इतकी वर्षं घोकली, की यादीत नसलेल्यांना आपण सुटलो असं वाटू लागलं. सरपंच यादीत नसतो. गुत्तेदार नसतो, मास्तर नसतो, शनिवार-रविवारी हैदराबादला ‘कामानिमित्त’ जाणारा दुकानदार नसतो. विषाणूला उतारा आणि जातीचा दाखला लागत नाही. गटांवर काम करणं कार्यक्रमाच्या सोयीचं आहे आणि त्याने निकालही दिले. मात्र बाकीच्या गावाला त्याने हात झटकायची सवलत दिली, हेही खरं.

आता प्रत्यक्ष चाचणी. तिच्याविषयी शिकल्यासवरल्या माणसांचेही घोळ असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते ती प्राथमिक तपासणी. बोटाचं टोक स्पिरिटने पुसतात, कोरडं होऊ देतात, बारीक सुईने टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात, दुसरा घेतात आणि प्लास्टिकच्या चपट्या पट्टीच्या खाचेत सोडतात. त्यावर बाटलीतल्या द्रावाचे एक-दोन थेंब. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. रक्त कागदावरून सरकत जातं आणि खिडकीत रेघा उमटतात. ‘सी’ अक्षरासमोरची रेघ उमटलीच पाहिजे, ती नसेल तर किट बाद, दुसरं घ्यायचं. ‘टी’ समोर रेघ आली तर नमुना रिअ‍ॅक्टिव्ह. ही रेघ कधी ठळक असते, कधी इतकी फिकट की उजेडाकडे धरून बघावी लागते. फिकट असली तरी ती रेघच.

रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. त्या माणसाला तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, सगळे ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे, पाठवतात. तिथे शिरेतून रक्त घेऊन तीन वेगवेगळ्या बनावटीच्या किटवर तपासतात. तिन्ही रिअ‍ॅक्टिव्ह आले तरच रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहायचं, असा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा दंडक आहे.

तीन कशाला, एक पुरेना का? याचं उत्तर गणितात आहे. कार्यक्रमात वापरायच्या पहिल्या किटसाठी किमान अट अशी, की शंभर बाधितांपैकी साडेनव्व्याण्णव पकडले पाहिजेत आणि शंभर निरोगी माणसांपैकी अठ्ठ्याण्णवांना निरोगीच म्हटलं पाहिजे. ऐकायला उत्तम. आता दहा हजार लोकांची चाचणी करा. देशात प्रौढांतलं प्रमाण 0.2 टक्के धरलं तर त्यांत वीस जण खरे बाधित. किट त्या विसांना पकडेल. पण उरलेल्या 9,980 निरोगी लोकांतल्या दोन टक्क्यांवर, म्हणजे दोनशे जणांवर, तेच किट चुकीची रेघ काढू शकतं. दोनशेवीस रेघा, त्यांत वीस खऱ्या! प्रत्यक्षातली चांगली किटं याहून बरीच अचूक असतात, पण नियम करताना किमान धरावं लागतं. दुसरं किट वेगळ्या पद्धतीने बनवलेलं असतं. ते त्या दोनशेंतले चारेक सोडून बाकी बाजूला काढतं. तिसऱ्यानंतर चुकीचा जवळपास उरत नाही. म्हणून खाजगी प्रयोगशाळेतल्या एका किटच्या रिपोर्टवर कुणाचं लग्न मोडणं, कुणाला घराबाहेर काढणं किंवा विहिरीचा रस्ता धरणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, मग तो करणारा पदवीधर का असेना.

उलट बाजूनेही चूक होते आणि ती जास्त वाईट. हे किट विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं, आणि ती तयार व्हायला वेळ लागतो. बहुतेकांत काही आठवड्यांत होतात, काहींत तीन महिन्यांपर्यंत लागतात. या मधल्या काळाला डॉक्टर विंडो पीरियड म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि नेमका याच काळात रक्तात विषाणू सर्वांत जास्त असल्याने तो दुसऱ्याला लागण देण्याची शक्यताही सर्वांत मोठी असते. म्हणून धोका पत्करला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. धोका होऊन 72 तास उलटले नसतील तर चाचणीची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठायचा. 28 दिवसांची औषधं घेतली तर लागण टळू शकते. ही गोष्ट दवाखान्यात सुई लागलेल्या नर्सला माहीत असते, बलात्कार झालेल्या मुलीच्या घरच्यांना बहुतेक वेळा नसते.

शिबिरात रक्त दिलं की चाचणी आपोआप होते, असं मानणारे पुरुष खूप आहेत. शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिरं होतात. पुरुषांचं रक्त तपासलं जाण्याची आपल्याकडची ही सर्वांत मोठी संधी. रक्तपेढी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया तपासते हे खरं. पण मनात शंका आहे म्हणून रक्तदान करणं म्हणजे विंडो पीरियडमधली पिशवी दुसऱ्याच्या शिरेत जाण्याचा धोका निर्माण करणं. शंका असेल तर रक्तदान नको, आयसीटीसी.

आणि तिसरा, सर्वांत गोड गैरसमज: बायकोचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे माझाही निगेटिव्हच. एकाच्या अंगात विषाणू आणि दुसरा निरोगी, अशी जोडपी वर्षानुवर्षं असतात, कारण प्रत्येक संबंधात लागण होतेच असं नाही. तिच्या निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ एवढाच, की अजून तिला लागलेलं नाही. तिसऱ्या महिन्यात निगेटिव्ह असलेल्या बाईला सातव्या महिन्यात किंवा बाळ अंगावर पीत असताना नवऱ्याकडून लागण झाली, तर बाळाला धोका जास्तच, कारण तेव्हा तिला औषध चालू नसतं आणि कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. निगेटिव्ह गरोदर बाईच्या नवऱ्याचं रक्त तपासणं हे बाळाचं लसीकरण करण्याइतकंच साधं काम आहे. ते आपण करत नाही.

आयसीटीसीची खोली बहुधा बाह्यरुग्ण विभागाच्या टोकाला असते. टेबलावर उलटत दाखवायचा चित्रांचा तक्ता, लिंगाचं लाकडी मॉडेल, निरोधचा खोका, मागे कुलूपबंद कपाट. समुपदेशकाने चाचणीआधी बोलायचं, संमती घ्यायची, चाचणीनंतर पुन्हा बोलायचं आणि रिपोर्ट फक्त त्याच व्यक्तीच्या हातात द्यायचा. समुपदेशक चांगला असेल तर हे सगळं घडतं, आणि चांगले समुपदेशक मराठवाड्यात आहेत. कंत्राटी पगारावर वर्षानुवर्षं काम करून शेकडो घरांची गुपितं त्यांनी पोटात ठेवली आहेत. पण खोलीच्या दारावरची पाटी मोठी असते आणि बाहेरचं बाकडं सगळ्यांना दिसतं. तालुक्याच्या दवाखान्यात मावशीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकमेकांचे पाहुणे. ‘सिस्टरनी परत बोलावलंय’ एवढ्यावर गावात कुजबुज सुरू होते. कायद्याने दिलेली गुप्तता बाकड्यावर येऊन संपते.

खाजगी दवाखान्यांची तऱ्हा वेगळी. ऑपरेशन ठरलं की रक्ताची पाच-सहा नळकांडी जातात आणि त्यांत एचआयव्ही असतोच. विचारलं जात नाही. सह्यांच्या चळतीत कुठेतरी ती सही होऊन जाते. रिपोर्ट रुग्णाच्या आधी नातेवाइकांना कळतो. फाइलवर लाल पेनाने मोठ्ठं काहीतरी लिहिलं जातं, पेशंटचा नंबर शेवटी ढकलला जातो, किंवा ‘आमच्याकडे सोय नाही, सरकारीत न्या’ असं सांगून मोकळं होतात.

असं करणं आता बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा रक्तपेढीची तपासणी असे मोजके अपवाद सोडून. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. नोकरीला ठेवण्याची किंवा उपचार करण्याची अट म्हणून चाचणी मागता येत नाही. प्रत्येक राज्याने तक्रारींसाठी लोकपाल नेमायचा आहे. यातलं एक कलम मराठवाड्यातल्या सुनांसाठी फार मोलाचं आहे: रिपोर्ट कळल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी वाजवी भीती असेल, तर डॉक्टरने तो जोडीदाराला कळवू नये, असं त्यात विशेषतः स्त्रियांचा उल्लेख करून म्हटलं आहे.

या कायद्यामागे हालअपेष्टांचा मोठा इतिहास आहे. गोव्यात 1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने नेमाने केलेल्या रक्तदानातून त्याची चाचणी त्याला न सांगता झाली. मग पोलिसांनी नेऊन त्याला म्हापशात जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत 64 दिवस एकट्याला कोंडून ठेवलं, कारण गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा तशी तरतूद होती. त्याची आई, ल्यूसी डिसोझा, मुंबई उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक 1992 साली गेला. जाण्याआधी त्याने गोव्यात बाधितांसाठी संस्था उभी केली. 1997 साली त्याच उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात निवाडा दिला, की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या खटल्यातल्या माणसाचं नाव न्यायालयाने गुप्त ठेवलं. कागदोपत्री तो ‘एमएक्स’ आहे.

लातूर जिल्ह्याला असा इतिहास नवा नाही. औसा तालुक्यातल्या एका गावात बाधित मुलं गावच्या शाळेत आली म्हणून पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली, ही काही फार जुनी गोष्ट नव्हे. एकाच बाकावर बसून, एकाच माठातलं पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही, हे तेव्हाही सगळ्यांना पाठ होतं. परीक्षेपुरतं.

तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो तेव्हा काय होतं? बाई पहिलटकरीण असेल तर बरेचदा माहेरी असते. सासर अहमदपूर तालुक्यात, माहेर लोह्याकडे. म्हणजे दोन जिल्हे, दोन उपकेंद्रं, दोन वह्या. रिपोर्ट आधी आईला कळतो, मग भावाला. सासरी सांगायचं कसं, यावर रात्री जातात. नवऱ्याला चाचणीला आणा, असं समुपदेशक सांगतो. काही नवरे येतात, दोघं मिळून औषध सुरू करतात आणि संसार चालू राहतो. अशी घरंही बरीच आहेत आणि त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही, कारण त्यांच्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. पण काही नवरे येत नाहीत. ‘माझ्यात काही नाही, तुझं तू बघ.’ एकदा हे वाक्य बोललं गेलं की त्याने स्वतःचा रिपोर्ट न काढणं हाच त्याचा पुरावा होतो. न तपासलेला माणूस गावाच्या लेखी निर्दोष. नवरा गेल्यावर विधवेला शेतातला वाटा नाकारायलाही हाच रिपोर्ट कामी येतो. अशा बायकांना संजय गांधी निराधार योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी तहसीलच्या खिडकीवर आजाराचं नाव सांगावं लागतं.

बाळाचं मात्र चांगलं झालं आहे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के. आईला वेळेत औषध मिळालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. 2014 पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला आयुष्यभराचा उपचार लगेच सुरू करतात. जन्मल्याबरोबर बाळाला औषधाचं सिरप. त्याची चाचणी मात्र नेहमीच्या किटवर चालत नाही, कारण आईची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात आणि निरोगी बाळही पॉझिटिव्ह दिसतं. म्हणून दीड महिन्याच्या लसीला आणलेल्या बाळाच्या टाचेला टोचतात आणि जाड टिपकागदावर छापलेल्या वर्तुळांत एकेक थेंब उतरवतात. प्रत्येक वर्तुळ पूर्ण भरलं पाहिजे, थेंबावर थेंब चालत नाही. कार्ड उन्हापासून लांब, आडवं ठेवून सुकवतात, ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करतात आणि मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे प्रत्यक्ष विषाणूचा जनुकीय अंश शोधतात. आठवडे जातात. आई दर खेपेला विचारते, रिपोर्ट आला का.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, असा प्रश्न पूर्वी रास्त होता. 2004 साली सरकारने फुकट औषधं सुरू केली तेव्हा ती प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्यांनाच मिळत. बाकीच्यांना ‘सहा महिन्यांनी या’. माणसं म्हणत, औषध देणार नाही तर कळून काय करू? त्या प्रश्नाचं उत्तर ज्या अभ्यासाने दिलं त्यात पुण्याचाही वाटा आहे. एक बाधित आणि एक निरोगी अशी 1,763 जोडपी नऊ देशांतून निवडली होती. भारतातली केंद्रं पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत आणि चेन्नईत गायतोंडे केंद्रात होती. 2011 साली निष्कर्ष आला: लवकर औषध सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. 2017 च्या एप्रिलपासून भारतात धोरणच झालं, की पॉझिटिव्ह आला की लगेच औषध. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. नेमाने घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही 2023 पासून निःसंदिग्ध शब्दांत सांगते. पंचविशीत औषध सुरू केलेला माणूस नातवंडं बघू शकतो.

याचा अर्थ असा, की आज धोका औषध चालू असलेल्या माणसाकडून नाही. धोका आहे तो ज्याने चाचणीच केलेली नाही त्याच्याकडून. आपण मात्र गोळ्या घेणाऱ्याला गावात टाळतो आणि न तपासलेल्याच्या ताटात जेवतो.

माझं म्हणणं साधं आहे. गरोदर बाईची नोंद होते त्याच दिवशी, त्याच वहीत, तिच्या परवानगीने नवऱ्यालाही चाचणी विचारावी. सक्ती नको, सक्तीने माणसं पळतात. पण विचारायचंच नाही, ही पद्धत बंद व्हावी. उपकेंद्र सकाळी उघडतं आणि पुरुष सकाळीच कामाला जातात, तेव्हा आठवड्यातून एक दिवस संध्याकाळचा ठेवावा. साखर कारखान्यावर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या पडल्या की पहिल्याच आठवड्यात मुकादमाच्या मदतीने, पण मुकादमाला रिपोर्ट न कळवता, नवरा-बायको दोघांची तपासणी व्हावी. ज्या जोडीला कारखाना एक कोयता म्हणून मोजतो, तिच्यातल्या एकट्या बाईचंच रक्त दवाखान्याने का तपासावं? लातूरला शिकवण्यांसाठी राज्यभरातून येणाऱ्या हजारो मुलांना जीवशास्त्रात विषाणूची रचना तोंडपाठ असते. गावातलं आयसीटीसी कुठे आहे, हेही त्यांना कुणीतरी सांगावं.

पुण्या-मुंबईची माणसं सणाला घरी येतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन निघतात. तसं घर सोडण्याआधी नवऱ्याने आणि बायकोने एकत्र जाऊन रक्त तपासून घ्यावं. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय, कुठेही. पैसे लागत नाहीत आणि रिपोर्ट तुमच्याच हातात मिळतो. आधी फोनवर विचारायचं असेल तर 1097 हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा फुकट क्रमांक आहे, नाव सांगावं लागत नाही.